हव्वा, आदाम आणि दोषाचा वाटा
बायबलमधील पहिली स्त्री हव्वा हिने देवाने मना केलेले फळ पहिला पुरुष आदाम याच्या आधी खाल्ले म्हणून ख्रिस्ती श्रद्धेत पापाचे खापर स्त्रीवरच फुटते, हे आपले विधान मला अर्धेच पटते. बायबलच्या नव्या करारातील, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात फसली ती स्त्री, आदाम नव्हे, असे म्हटले आहे खरे, पण बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात देव जाब विचारण्यासाठी प्रथम आदामालाच हाक मारतो, आणि तूच दिलेल्या स्त्रीने मला फळ दिले, ही त्याची सबब (नवऱ्यांची खोड जुनीच!) त्याला शिक्षेतून सोडवत नाही. नव्या करारातल्याच रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात तर पाप जगात आणल्याचा दोष ते लिहिणारा प्रेषित पौल आदामावर ठेवतो, हव्वेचे नावही घेत नाही. स्त्रीला ‘सैतानाचे दार’ ठरवले ते पुढे ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने, इसवी सन 200 च्या सुमारास.