‘फोफावते’ की ‘तगते’? : जड धातू आणि गाजर गवत

प्रश्नकर्ता (बीड): कृषी पदविकेच्या मुलांसाठी टिपण लिहितोय. ‘जड धातूंच्या प्रदूषणामुळे आक्रमक तणे फोफावतात’ हे वाक्य चालेल का? ‘फोफावणे’ खटकतंय.

परभणीकर: खटकणारच, सर. शिसं, कॅडमियम, पारा यांचं झाडाला काही कामच नाही. कॅडमियम वाढलं की मुळं खुंटतात, पानं पिवळी पडतात, उगवण कमी होते. गाजर गवतही त्यातून सुटत नाही. बऱ्याचदा होतं असं, की शेजारची नाजूक झाडं आधी जातात आणि मोकळी जागा याला आयती मिळते. त्याला ‘तग धरणे’ म्हणा.

रानवाट: आणि जस्त? आपल्याकडं तर झिंक सल्फेट विकत आणून टाकतात की.

परभणीकर: म्हणूनच सगळ्या धातूंना एक क्रियापद पुरत नाही. जस्त, तांबं थोडं लागतंच, जास्त झालं की विष. त्यात आपली काळी, चुनखडीची जमीन. सामू (pH) 8 च्या आसपास, त्यामुळे जस्त मातीत असूनही पिकाला मिळत नाही. माती परीक्षणाच्या कागदावर ‘उपलब्ध जस्त’ लिहितात ते यासाठी. शिसं, कॅडमियमही अशा मातीत बरंचसं अडकून राहतं. षटसंयुजी क्रोमियमचं, म्हणजे क्रोमियमच्या जास्त विषारी रूपाचं, मात्र उलटं, ते मोकळं फिरतं.

वाळूज नाका: ‘जड’चंच बघा ना. घनता 5 ग्रॅम प्रति घन सेंमीच्या वर तो धातू जड, असं पुस्तकात असतं. मग लोखंड 7.9, त्याला कोण प्रदूषण म्हणतं? आर्सेनिक तर धड धातूही नाही! 2002 मध्ये डफस या रसायनतज्ज्ञांनी आयुपॅकच्या (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) अहवालात या संज्ञेलाच अर्थ नाही असं मांडलं. टिपणात सरळ धातूचं नाव घाला.

गोदाकाठ (नांदेड): ‘शोषते’ हे क्रियापदही जपून वापरा. झाड धातू ‘शोषते’ म्हटलं की लोकांना वाटतं पाणी स्वच्छ झालं, विषय संपला. जलपर्णी धातू ओढते खरी, पण बराचसा मुळांतच राहतो. तीच काढून कंपोस्ट केली की पाला कुजतो, शिसं तसंच राहतं. कारखान्याच्या नाल्याकाठच्या गाजर गवताचं खतही शेतात नको.

प्रश्नकर्ता: मग ‘कॅडमियमबाधित जमिनीत इतर झाडे मागे पडतात, गाजर गवत तगते’ असं करतो. ‘आक्रमक’ ठेवू?

परभणीकर: ठेवा. 1950 च्या दशकात पुण्यात दिसलं, आज एक बांध सोडलेला नाही. फक्त पोरांना सांगा, नावात ‘गवत’ असलं तरी ते सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. आणि ‘काँग्रेस गवत’ पेपरात लिहू नका म्हणावं, तपासणारा कोण निघेल सांगता येत नाही!