मदत हवी आहे: ‘ब्लीच व्हर्सेस नारुतो’ एकाच लॅपटॉपवर दोघांना खेळता येईल का?

नमस्कार मंडळी,

धाकटा भाऊ दोन वर्षांनी दिवाळीला कराडला घरी येतोय. शाळेत असताना आम्ही दोघं ब्राउझरमध्ये ‘ब्लीच व्हर्सेस नारुतो’ तासन् तास खेळायचो. यंदा तो आल्यावर परत खेळायचाय, पण काही केल्या चालत नाहीये.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: चीनमधल्या चाहत्यांनी बनवलेला हा फ्लॅशचा (ब्राउझरमध्ये गेम चालवणारं ॲडोबीचं जुनं सॉफ्टवेअर) मारामारीचा गेम. ४३९९ नावाच्या चिनी साइटवर फुकट असायचा. ब्लीच आणि नारुतो या दोन जपानी मालिकांमधली पात्रं त्यात समोरासमोर येतात. अशी एकत्र पात्रं असलेला अधिकृत ‘जम्प सुपर स्टार्स’ २००५ सालीच निघाला होता, पण त्याला निन्टेन्डो डीएस हा हातात धरून खेळायचा गेमिंग संच लागायचा. आमच्याकडे एक डेस्कटॉप होता, तोही बाबांच्या कामाचा. मेनू चिनी, एक अक्षर कळायचं नाही. तरी कुठलं बटण कुठे ते दोन दिवसांत पाठ झालं.

मी कायम ब्लीचचा नायक इचिगो, तो नारुतो. माझ्याकडे हलायला डब्ल्यू-ए-एस-डी, ‘जे’ मारायला, ‘के’ उडीला, ‘एल’ झेप घ्यायला, ‘आय’ मोठ्या वाराला. त्याच्याकडे बाणाची बटणं आणि नंबरपॅड. कोपराला कोपर लागायचं. बनवणारे स्वतः या मालिकांचे वेडे होते हे खेळताना जाणवायचं. इचिगोचा गेत्सुगा तेन्शो हा वार कधी सोडायचा आणि नारुतोचा रासेंगान किती जवळून लागायला हवा, हे त्यांना आमच्याइतकंच कळत होतं. म्हणून तर इतका जीव जडला.

अडचण अशी. फ्लॅशचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला संपला. रफल (जुने फ्लॅश गेम चालवणारं फुकट सॉफ्टवेअर) टाकून पाहिलं: मेनू दिसतो, लढत सुरू होताना पडदा काळा. शिवाय लॅपटॉपला नंबरपॅडच नाही. आणि जुन्या कीबोर्डवर एकदम चार-पाच बटणं दाबली की एखादं लागायचंच नाही, त्यावरून भांडणं व्हायची. ते टाळता येईल का?

प्रतिसाद १
ताई, रफलमध्ये ॲक्शनस्क्रिप्ट (फ्लॅश गेम लिहायची भाषा) १ आणि २ चे जुने गेम छान चालतात, ३ चं काम अजून अपुरं आहे. असे मोठे गेम तिथेच अडकतात. विंडोज असेल तर ‘फ्लॅशपॉइंट आर्काइव्ह’ हा जुन्या वेब गेमचा जपून ठेवलेला संग्रह उतरवून घ्या. त्याच्या ‘इन्फिनिटी’ आवृत्तीत निवडाल तेवढाच गेम डाउनलोड होतो. बटणांचं म्हणाल तर नंबरपॅडवाला साधा यूएसबी कीबोर्ड जोडा. स्वस्त कीबोर्डमध्ये बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात, त्यामुळे ठरावीक बटणं एकत्र दाबली की एखादं वाचलं जात नाही. दोन कीबोर्ड म्हणजे दोन वेगळ्या जाळ्या. तुम्ही लॅपटॉपवर, भाऊ बाहेरच्यावर. नमलॉक चालू ठेवा.

धागाकर्ती
मनापासून आभार! शेजाऱ्यांकडून कीबोर्ड आणला आणि नोटपॅड उघडून आईला नंबरपॅडवर बसवलं. दोघींनी एकदम बटणं दाबली, माझं एकही चुकलं नाही. फ्लॅशपॉइंट आज रात्री उतरवते. आता एवढंच सांगा: या गेमच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या, त्यातली २०१२-१३ च्या सुमाराची कशी ओळखायची? भावाला तीच हवी आहे.