मदत हवी आहे: ऑक्सिजन इतका क्रियाशील, मग सगळं आपोआप पेटत का नाही?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात सक्करदऱ्याला नववी-दहावीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घेते. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकून ऑक्सिजन केला, परीक्षानळीत निखाऱ्याची काडी धरली, ती भपकन पेटली. पोरं खूश! तेवढ्यात एकीने विचारलं, "मॅडम, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे, तरी वहीचा कागद का नाही पेटत?"

प्रश्न मला फार आवडला. ऑक्सिजनच्या दोन अणूंमधला बंध तोडायला मोलमागे सुमारे ४९८ किलोज्यूल लागतात, हे सांगितलं. पण खरी गंमत पुढे आहे. त्याच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकेकटे, एकाच दिशेच्या स्पिनचे (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा स्वतःचा एक चुंबकीय गुण) असतात, म्हणून जोडीतले इलेक्ट्रॉन असलेल्या पदार्थांशी त्याची थेट क्रिया साध्या तापमानाला फार सावकाश होते. पुस्तकातल्या दुहेरी बंधाच्या चित्रात मात्र सगळे इलेक्ट्रॉन जोडीनेच दिसतात. दहावीच्या मुलांना हे कसं समजावू?

दुसरं म्हणजे, याच एकेकट्या इलेक्ट्रॉनांमुळे निळसर द्रव ऑक्सिजन चुंबकाच्या ध्रुवांमध्ये अडकून राहतो, हे मुलांना प्रत्यक्ष दाखवायचं आहे. तो उणे १८३ अंशांना उकळतो आणि द्रव नायट्रोजन उणे १९६ ला, म्हणजे त्याने ऑक्सिजन थंड करता येतो. हे घरी करण्यासारखं नाहीच. नागपुरातल्या एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोणी जाणकारांच्या देखरेखीखाली दाखवेल का? आठ-दहा मुलं आहेत, रविवारी कधीही येऊ.