क्लोरीनचे अणुवस्तुमान ३५.४५ : एवढ्या वस्तुमानाचा एकही अणू नसताना हा आकडा येतो कोठून?

प्रश्न : अकरावी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी

नमस्कार. क्लोरीनच्या अणूत १७ प्रोटॉन आणि १८ किंवा २० न्यूट्रॉन असतात, असे पुस्तकात आहे. तरीही आवर्त सारणीत त्याचे अणुवस्तुमान ३५.४५ दिलेले असते. ३५ आणि ३७ यांची सरासरी तर ३६ येते. शिवाय दोन्ही समस्थानिके (प्रोटॉन सारखे, पण न्यूट्रॉन वेगळे असलेले अणू) रासायनिक अभिक्रियांत जवळजवळ सारखीच वागत असतील, तर त्यांचे प्रमाण मोजले कसे? वर्गात ‘स्पेक्ट्रोस्कोपीने’ एवढेच उत्तर मिळाले. पण स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे प्रकाशाचा अभ्यास असेल, तर प्रकाशावरून वस्तुमान कसे कळते, हे मला उलगडलेले नाही.

उत्तर १ : कनिष्ठ महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे शिक्षक

दोन्ही प्रकारचे अणू सारख्याच संख्येने असते, तर ३६ हे उत्तर बरोबर ठरले असते. प्रत्यक्षात नैसर्गिक क्लोरीनमध्ये ७५.७६ टक्के अणू क्लोरीन-३५ चे आणि २४.२४ टक्के अणू क्लोरीन-३७ चे असतात, म्हणून येथे भारित सरासरी घ्यावी लागते. (३४.९६९ × ०.७५७६) + (३६.९६६ × ०.२४२४) हे गणित करून पाहा, उत्तर ३५.४५ येईल. हे गणित अचूक सोडवणारे विद्यार्थीही पुढे ‘क्लोरीनच्या अणूचे वस्तुमान ३५.४५ असते’ असे लिहितात, याचे मला फार वाईट वाटते, कारण तो आकडा मिश्रणाचा आहे, कोणत्याही एका अणूचा नाही.

उत्तर २ : मास स्पेक्ट्रोमीटरवर काम करणारी संशोधक

सरांनी दिलेले गणित योग्यच आहे, परंतु त्यातील टक्केवारी आली कोठून, हाच तुमचा खरा प्रश्न आहे. ती मास स्पेक्ट्रोमीटर या आयनांना वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या उपकरणाने मोजतात. तुमची शंका रास्त आहे : या उपकरणात प्रकाश शोषला जात नाही आणि उत्सर्जितही होत नाही. निर्वात केलेल्या उपकरणात थोडासा वायू सोडतात, त्याच्या रेणूंवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून धन आयन (धन विद्युतभार असलेले कण) तयार करतात, विद्युत क्षेत्राने त्या आयनांना वेग देतात आणि मग चुंबकीय क्षेत्रातून जाऊ देतात. तेथे हलका आयन अधिक वळतो आणि जड आयन कमी वळतो, त्यामुळे प्रत्येक वस्तुमानाचे आयन वेगवेगळ्या जागी पोहोचतात, आणि कोठे किती पोहोचले हे मोजले की प्रमाण हाती येते. प्रकाशाचे जसे रंगांत पृथक्करण होते तसे येथे वस्तुमानांचे होते, एवढ्यापुरतेच ‘स्पेक्ट्रम’ या शब्दाचे नाते आहे.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये असे उपकरण उभारले. क्लोरीनसाठी त्यांना ३५ आणि ३७ येथे रेषा मिळाल्या, आणि याच दोन प्रकारच्या क्लोरीनपासून बनलेल्या हायड्रोजन क्लोराइडच्या ३६ आणि ३८ येथे मिळाल्या. परंतु रसायनशास्त्रज्ञांनी पिढ्यान्‌पिढ्या काटेकोरपणे मोजलेल्या सरासरीच्या जागी एकही रेषा नव्हती. मला हा निष्कर्ष आजही विलक्षण वाटतो. ॲस्टन यांना १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तुम्ही स्वतः कागदावर करून पाहावे असे एक उदाहरण देते. क्लोरीनच्या रेणूत दोन अणू असतात, म्हणून रेणूची वस्तुमाने ७०, ७२ आणि ७४ अशी तीनच संभवतात. प्रमाण ३ : १ धरले, तर उपकरणाने काढलेल्या आलेखातील त्या तीन शिखरांची उंची ९ : ६ : १ अशी यायला हवी, आणि ती जवळजवळ तशीच दिसते. आपण वर्गात वापरतो त्या ७१ या रेणुवस्तुमानाच्या जागी मात्र रेणूचे शिखर नसते.

उत्तर ३ : भौतिक रसायनशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी

प्रकाशावरूनही समस्थानिके ओळखता येतात, म्हणून तुमच्या वर्गातील उत्तर अपुरे असले तरी चुकीचे नाही. हायड्रोजन क्लोराइड वायूचा अवरक्त वर्णपट घेतला, तर २८८६ प्रतिसेंटीमीटरच्या (म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये मावणाऱ्या तरंगांच्या संख्येच्या) आसपास शोषणरेषांची रांग दिसते, आणि चांगल्या उपकरणात त्यातील प्रत्येक रेषा जोडीने येते. जड क्लोरीनचा रेणू किंचित संथ कंप पावतो, त्यामुळे त्याची रेषा सुमारे २ प्रतिसेंटीमीटर खाली सरकते. जोडीतील मोठी रेषा क्लोरीन-३५ ची असते आणि तिची तीव्रता दुसरीच्या साधारण तिप्पट असते. हॅरल्ड युरी यांनी १९३१ मध्ये ड्यूटेरियम शोधला, तोही हायड्रोजनच्या वर्णपटातील अशाच सरकलेल्या पुसट रेषांवरून.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी आभारी आहे. ९ : ६ : १ हे प्रमाण मी काढून पाहिले. आता एकच शंका उरते : १७ हायड्रोजन अणू (प्रत्येकी एक प्रोटॉन व एक इलेक्ट्रॉन) आणि १८ न्यूट्रॉन यांची वस्तुमाने मिळवली, तर माझे उत्तर ३५.२८९ येते; मग क्लोरीन-३५ चे वस्तुमान ३४.९६९ कसे?

उत्तर १ : शिक्षक

तुमची बेरीज बरोबर आहे. कमी पडलेले ०.३२० एकक वस्तुमान म्हणजे केंद्रक तयार होताना बाहेर पडलेली बंधन ऊर्जा, सुमारे २९८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. यात आणखी एक बारकावा आहे. १९६१ पासून कार्बन-१२ चे वस्तुमान नेमके १२ धरले जाते, म्हणजे आपल्या मापाच्या एककातच कार्बनची अशी घट आधी सामावलेली आहे. क्लोरीनमध्ये केंद्रकातील प्रत्येक कणामागे बंधन ऊर्जा कार्बनपेक्षा थोडी अधिक असते, आणि म्हणूनच त्याचे वस्तुमान नेमके ३५ न भरता त्याहून किंचित कमी भरते.