भाचीसाठी प्रोग्रॅमिंगची पुस्तकं: बॅगेत काय टाकू?

प्रेषक: लालबागकर

मंडळी, नमस्कार.

यंदा नऊ वर्षांनी परदेशातून गणपतीला घरी जातोय. ताईची मुलगी बारावी झाली, बायफोकलला कॉम्प्युटर घेतला होता, आता बी.एस्सी. आयटीला प्रवेश मिळालाय. दहावीपर्यंत मराठी माध्यम. ताईचा फोन आला, "तिकडून प्रोग्रॅमिंगची चांगली पुस्तकं घेऊन ये, इथं काय घ्यावं आम्हाला कळत नाही."

मी मेकॅनिकलचा माणूस. परवा इथल्या दुकानात त्या कपाटासमोर अर्धा तास उभा राहिलो आणि शेवटी पाच उचलली. दोन सीची, दोन पायथनची, एक जावाचं. घरी वजनकाट्यावर ठेवली तर साडेसहा किलो! बॅगेत जागा करीन, त्याची काळजी नाही. पण रात्री भाचीशी बोललो तेव्हा ती म्हणाली, "मामा, एकच आण, पण मला कळेल असं आण." तेव्हापासून मनात आहे की मी भलतंच काही करून बसलो नाही ना. पहिल्या सत्राला तिला सी आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

---

प्रेषक: खजिनदार

दादा, पुस्तकं कशाला? माझ्या दोन्ही मुलांनी व्हिडिओ बघूनच शिकून घेतलं. पुस्तक छापून येईपर्यंत भाषा पुढे गेलेली असते. त्या पैशात तिला चांगला लॅपटॉप घेऊन द्या. आणि सीपेक्षा पायथन शिकू दे, आज सगळीकडे तेच चालतं.

---

प्रेषक: काकू, दादर

लालबागकर भाऊ,

मी दादरला परत येऊन सहा वर्षं झाली, तरी आपल्या या पत्रव्यवहाराच्या यादीवरचं माझं नाव काढू दिलेलं नाही, ते अशाच पत्रांसाठी. कॉलेजात पंचवीस वर्षं सी आणि सी++ शिकवलंय, त्यामुळे जरा लांबेल.

ती पाच पुस्तकं परत करता येत असतील तर करा. तिकडच्या बहुतेक चांगल्या पुस्तकांची स्वस्त भारतीय आवृत्ती इथं मिळते, फक्त उपखंडात विक्रीसाठी असं तिच्यावर छापलेलंच असतं. मुखपृष्ठावर प्राण्यांची चित्रं असलेली ओरायली या अमेरिकन प्रकाशकाची पुस्तकं तर इथल्याच श्रॉफ पब्लिशर्सनी छापलेली मिळतात. पण किंमत हे दुय्यम. पुस्तक भाचीने स्वतः हातात घेऊन, दोन पानं वाचून निवडायला हवं. तिच्यासाठी दुसऱ्या कुणी निवडलं की ते कपाटात जातं. हे मी शेकडो मुलांच्या बाबतीत पाहिलंय.

वर्गात परळचा एक मुलगा होता, अतिशय कष्टाळू. मोठ्या भावाचं सीचं पुस्तक वापरायचा. त्यात लिहिलं होतं की इंटमध्ये, म्हणजे पूर्ण आकडा ठेवायच्या डब्यात, ३२,७६७ पर्यंतचाच आकडा मावतो, म्हणून ८ चं फॅक्टोरियल (१ ते ८ सगळ्यांचा गुणाकार) काढलं की उत्तर उणे २५,२१६ असं विचित्र येतं. याच्या मशीनवर आलं ४०,३२०. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, माझं काहीतरी चुकतंय, उत्तर बरोबर येतंय." दोन दिवस तो स्वतःच्या प्रोग्रॅममधली चूक शोधत बसला होता. चूक त्याची नव्हतीच. पुस्तक टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या (आपला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) काळातलं, तेव्हा इंटचा डबा लहान, १६ बिटांचा असायचा. आजच्या कंपायलरवर तो ३२ बिटांचा असतो, २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जातो. हे त्याला सांगणारं घरात कुणी नव्हतं, आणि दोन दिवसांत त्याने स्वतःला मठ्ठ ठरवून टाकलं होतं. तो चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून माझी पहिली अट अशी की पुस्तकात जे छापलंय तेच मुलीच्या पडद्यावर दिसलं पाहिजे. पहिलाच प्रोग्रॅम उघडून बघा. त्यात व्हॉइड मेन, कोनिओ डॉट एच, क्लिअर स्क्रीन असलं काही दिसलं की ते पुस्तक डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जमान्यातलं समजा. ज्ञान म्हणून त्यात वाईट काही नाही, पण एकट्याने शिकणाऱ्या पोरीला पहिल्याच पानावर ठेच लागेल. काही कॉलेजांच्या प्रयोगशाळेत अजूनही टर्बो सीच असतो, तेव्हा तिला आधी तिथं काय बसवलंय ते विचारून यायला सांगा. घरी एक आणि कॉलेजात दुसरं असेल तर ते सुरुवातीलाच माहीत असलेलं बरं.

दुसरी गोष्ट भाषेची. इथं मी प्रोग्रॅमिंगच्या भाषेबद्दल बोलत नाही, पुस्तकाच्या इंग्रजीबद्दल बोलतेय. मराठी माध्यमातली मुलं हुशारीत कुठेही कमी नसतात, पण आर्ग्युमेंट शब्द आला की शब्दकोश उघडतात आणि त्यात मिळतं "वाद". स्ट्रिंग, म्हणजे खरं तर अक्षरांची माळ, तिला मिळतं "दोरी". आता फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एक काम करून देणाऱ्या तुकड्याला, वाद द्यायचा म्हणजे काय करायचं? मी वर्गात पिठाच्या गिरणीचं उदाहरण द्यायचे. तुम्ही डब्यातून जे दळण नेता ते आर्ग्युमेंट, जे पीठ घरी येतं ते रिटर्न, आणि गहू नेले की ज्वारी हे डब्यावर आधीच लिहावं लागतं, तो टाइप. मागच्या बाकांवरच्या माना वर यायच्या. एखादा नवा शब्द पहिल्यांदा येताच थांबून साध्या वाक्यात उलगडणारं पुस्तक भाचीला हवं. असं पुस्तक नावावरून किंवा मुखपृष्ठावरून ओळखता येत नाही, त्यासाठी वाचावंच लागतं.

आता जागा. माटुंग्याला किंग्ज सर्कलला, महेश्वरी उद्यानाजवळच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे स्टॉल आहेत. व्हीजेटीआय हे इंजिनीअरिंग कॉलेज जवळच, त्यामुळे इंजिनीअरिंग आणि कॉम्प्युटरची पुस्तकं तिथं ढिगाने असतात. वापरून झालं की परत घेऊन काही पैसे देणारे विक्रेतेही आहेत, आधी बोलून ठेवायचं. फाउंटनला हुतात्मा चौकातही फुटपाथवर मिळतात. पण माटुंग्याला विक्रेत्याला विषयाचं नाव सांगितलं की तो चार पुस्तकं समोर ठेवतो, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

गेल्या वर्षी शेजारच्या मुलीला घेऊन गेले होते. सीची तीन पुस्तकं मागितली आणि तिला सांगितलं, तिन्हीत फक्त फॉर लूपचं (तेच काम ठरावीक वेळा पुन्हा करायचं) प्रकरण वाच, मी उसाचा रस पिऊन येते. परत आले तर दोन पुस्तकं बाजूला आणि तिसरं मांडीवर. रेल्वेच्या तिकिटाच्या मागे पेन्सिलीने एकाखाली एक आकडे लिहून ती प्रत्येक फेरीला फेऱ्या मोजणाऱ्या 'i' ची किंमत काय होते ते बघत होती. आम्ही याला ड्राय रन म्हणतो. मी तिला ते शिकवलं नव्हतं, पुस्तकानेच तिच्याकडून करवून घेतलं. तेच घेतलं. भाचीलाही असंच करू द्या, आणि बरोबर गेलात तर तिच्या डोक्यावर उभे राहू नका.

जुनं पुस्तक घेताना समासात पेन्सिलीच्या खुणा कुठपर्यंत आहेत तेही बघते मी. तिसऱ्या प्रकरणानंतर सगळं कोरं असेल तर आधीच्या मालकाने तिथंच सोडलेलं असतं. एका प्रतीवरून निकाल लावू नये, पण दोन-तीन प्रतींत तेच दिसलं तर विचार करावा.

तुमच्या पाचांत कर्निघन आणि रिची यांचं सीचं पुस्तक असेल तर ते मात्र ठेवा. १९७८ साली पहिलं आलं, १९८८ साली दुसरी आवृत्ती. पावणेतीनशेच्या आत पानं, आणि दोघांपैकी रिची हे सी भाषेचे निर्माते. त्यातली उदाहरणं किरकोळ बदल करून आजही चालतात, म्हणजे निव्वळ साल बघून जुनं पुस्तक नाकारू नये. पण हे नवशिक्याचं पुस्तक नाही, लेखकांनी प्रस्तावनेतच तसं सांगितलंय. लूप आणि फंक्शन काय असतं ते वाचकाला माहीत आहे असं धरून ते चालतात. भाचीला ते दुसऱ्या वर्षी द्या. तेव्हा ती ते एका दमात वाचेल.

सी++ कधी करायचं झालं तर आयआयटी मुंबईच्या अभिराम रानडे सरांचं पुस्तक मला फार आवडतं. सुरुवातच पडद्यावरच्या कासवाकडून चित्रं काढून घेण्याने होते. शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंशांत उजवीकडे वळ, हे चार वेळा कर, की झाला चौकोन. नवशिक्याला आपण लिहिलेली ओळ काय करते ते लगेच डोळ्यांनी दिसतं. इतका विचार करून लिहिलेलं पुस्तक आपल्या मुंबईत तयार झालं याचा मला अभिमान वाटतो.

परीक्षेच्या महिन्यात ती लोकल ऑथरचं, म्हणजे परीक्षेपुरतं लिहिलेलं स्थानिक लेखकाचं, पुस्तक घेईलच, सगळी घेतात, घेऊ दे. फक्त शिकायला त्याने सुरुवात करू नये.

तुमची,
काकू

---

प्रेषक: खजिनदार

काकू, लेख मनापासून आवडला. गिरणीचं उदाहरण माझ्या धाकट्याला लगेच सांगितलं. पण पायथनबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत, आणि व्हिडिओबद्दलही नाही.

---

प्रेषक: काकू, दादर

खजिनदार, तुमचं बरोबर आहे, राहूनच गेलं.

भाचीला अभ्यासक्रमात सी आहे, म्हणून आत्ता सी. एका वेळी दोन भाषा सुरू केल्या की नवशिक्याची सेमिकोलन कुठे आणि कंस कुठे यातच ओढाताण होते. सुट्टीत पायथन जरूर करू दे. त्यासाठी ॲलन डाऊनी यांचं थिंक पायथन लेखकाने स्वतः इंटरनेटवर मोफत ठेवलंय, एक पैसा घालवायला नको. फुटपाथवरून पायथनचं जुनं पुस्तक उचलणार असाल तर एकच खूण बघा: प्रिंट या शब्दानंतर कंस आहे का? नसेल तर ते पायथन २ चं. त्याची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झालीय. त्यात ३ भागिले २ चं उत्तर १ येतं, आजच्या पायथनमध्ये १.५. परळच्या मुलासारखी आणखी एखादी मुलगी दोन दिवस चूक शोधत बसायला नको.

व्हिडिओंना माझा विरोध नाही. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मोफत आहेत, त्यात मराठी आवाजातलेही आहेत. भाचीने प्रत्येक प्रकरणाआधी ते ऐकावेत असं मी म्हणेन, कारण शब्दांची भीती तिथं जाते. पण व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि तो बंद केल्यावर कोऱ्या पडद्यासमोर हात थांबतात. पुस्तकात प्रकरणाच्या शेवटी दहा गणितं असतात आणि ती सुटेपर्यंत पान उलटवत नाही. मी पुस्तक सांगते ते त्या दहा गणितांसाठी. पुस्तक घेताना शेवटचं पान आधी उघडा. उत्तरं असतील तर छान, पण गणितंच नसतील तर ते घेऊ नका.

---

प्रेषक: लालबागकर

काकू, मी लालबागला पोचलो. तिकडची चार पुस्तकं परत केली, कर्निघन-रिची तेवढं आणलं आणि ताईच्या कपाटात वर ठेवून दिलं, दुसऱ्या वर्षासाठी.

परवा आम्ही माटुंग्याला गेलो होतो. मी लांब उभा राहिलो, अगदी तुम्ही सांगितलंत तसा. पाऊण तास लागला. तिने घेतलेलं पुस्तक मी स्वतः कधीच निवडलं नसतं. मुखपृष्ठ फाटकं, आधीच्या मालकाने पार शेवटच्या प्रकरणापर्यंत पेन्सिलीने गणितं सोडवलेली. ती म्हणाली, "मामा, यात मला ॲरे, म्हणजे एका नावाखालची आकड्यांची रांग, कळला."

काल रात्री आरती आटोपल्यावर तिने तुमचा फॅक्टोरियलचा किस्सा ऐकला आणि स्वतः प्रोग्रॅम लिहिला. ८ चं बरोबर आलं. मग ती एकेक वाढवत गेली. १२ ला ४७,९०,०१,६०० आलं. १३ ला १,९३,२०,५३,५०४. मी म्हटलं, छान, मोठा आकडा आला, झोप आता. ती वहीत घेऊन बसली, १२ च्या उत्तराला १३ ने गुणलं आणि मला उठवलं. "मामा, उत्तर सहा अब्जांच्या वर यायला हवं. यात उणे चिन्ह पण नाही, मग चुकलंय हे कळणार कसं?"

मला सांगता आलं नाही. तिने तुमच्यासाठी हा प्रश्न लिहून ठेवलाय. रविवारी दादरला घेऊन येऊ का तिला?

---

प्रेषक: काकू, दादर

अवश्य या. चार वाजता. वही आणि ते फाटकं पुस्तक दोन्ही घेऊन यायला सांगा तिला.