रोज रात्री आत्मपरीक्षण लिहितो, तरी डोकं थांबत नाही. कुठं चुकतंय?

हळदगल्ली:
सांगली मार्केट यार्डात अडत दुकानावर दिवाणजी आहे. सौदे सुरू झाले की दिवसभर पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचे मालविक्रीच्या हिशेबाचे कागद), तोलाई, शेतकऱ्यांचे फोन. तीन आठवडे झाले, रात्री साडेअकराला अंथरुणावर बसून वही लिहितोय: आज काय चुकलं, का चुकलं, मी असा का वागलो. दोन-तीन पानं सहज भरतात. पण नंतर एक-दीडपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. लिहिल्यानं मन हलकं होतं म्हणतात, माझं उलटंच होतंय. बंद करू का?

कृष्णाकाठ:
बंद नका करू, पद्धत बदला. तुमचं आत्मपरीक्षण होत नाहीये, उलटतपासणी होतेय. सगळा घोळ त्या 'का'चा आहे. 'मी असा का वागलो' याला रात्री साडेअकराला एकच उत्तर सुचतं, 'माझा स्वभावच असा'. मग जुनी दहा प्रकरणं उकरली जातात. 'काय झालं, किती वाजता, उद्या काय करायचं' एवढंच विचारा.

आत्ता तुम्ही साधारण असं लिहीत असाल: "शेतकऱ्यावर का खेकसलो? मला भानच राहत नाही." त्याऐवजी असं लिहा: "सव्वादोन वाजले होते, जेवण झालं नव्हतं, एकाच पट्टीसाठी तिसरा फोन आला, आवाज चढला. उद्या पट्टी तयार झाली की आपणच फोन करायचा, आणि दीडला डबा उघडायचा." पहिल्या वाक्यावर रात्रभर विचार करता येतो. दुसऱ्यावर करण्यासारखं काही उरत नाही.

तुम्हाला रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाचं पान, सांगायला नको. तसंच एक पान करा. जमा बाजूला दिवसभरात नीट झालेल्या दोन-तीन गोष्टी, नावे म्हणजे खर्चाच्या बाजूला खटकलेल्या, जास्तीत जास्त तीन. खाली शिल्लक, म्हणजे उद्यावर गेलेलं काम आणि ते किती वाजता करणार ती वेळ. दहा मिनिटांचा गजर लावा. वाजला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली. जमा बाजू कोरी सोडायची नाही. ती सुचत नाही म्हणून लोक टाळतात आणि वही नुसती गुन्ह्यांची यादी होऊन बसते.

आणि हे दुकान बंद करताना, खुर्चीतच करायचं. अंथरुणावर वही नको, नाहीतर उशीला डोकं टेकलं की हिशेब सुरू, अशी शरीराला सवय लागते.

गावभाग_४१६:
वरच्याशी सहमत, पण रात्री अगदीच काही लिहू नये असं नाही. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या झोप प्रयोगशाळेत ५७ तरुणांवर झालेला प्रयोग २०१८ मध्ये छापून आला. झोपण्याआधी ५ मिनिटं काहींनी येत्या दिवसांतली कामं लिहिली, काहींनी उरकलेली. राहिलेली कामं लिहिणारे सरासरी ९ मिनिटं लवकर झोपले, आणि त्यांच्यातही यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. एकाच रात्रीचा प्रयोग आहे, फार डोक्यावर घेऊ नका. पण करायला खर्च काय?

म्हणजे झाल्या दिवसाचा मेळ संध्याकाळी, आणि झोपण्याआधी फक्त उद्याची यादी, तीही स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभ्याउभ्या. "बँकेचं बघणे" असं मोघम नको. "१०.३० ला बँक, दोन चेक भरणे" असं पाहिजे.

चहा किती होतो ते पण सांगा. कॅफिन अंगातून निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. यार्डात सातला मारलेला कटिंग बाराला निम्मा जागाच असतो.

मिरज_जंक्शन:
एक जोड. लिहिताना 'मी'च्या जागी स्वतःचं नाव घाला: "दिवाणजींचा आवाज चढला, उद्या त्यांनी काय करावं?" पहिले दोन दिवस हसू येतं. पण दुसऱ्याला सल्ला देताना आपलं डोकं जसं थंड असतं तसं होतं. ईथन क्रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं यावर बरंच काम आहे.

आपल्याकडच्या जैन घरांतलं प्रतिक्रमण बघा. त्यात दोष आठवायचा, कबूल करायचा आणि 'मिच्छा मि दुक्कडं' (माझं दुष्कृत्य मिथ्या होवो) म्हणून सोडायचा. सोडणं हा त्या विधीचाच भाग आहे. आपण वहीत आठवणं तेवढं घेतो आणि सोडायचं विसरतो. नावे बाजूची नोंद झाली की तिच्यावर आडवी रेघ मारा.

हळदगल्ली:
चहा सात-आठ होतात 😅 दोन शंका. एकच गोष्ट रोज शिल्लकेत येत राहिली तर? आणि मोबाईलवर लिहिलं तर चालेल का?

कृष्णाकाठ:
तीन दिवस तीच शिल्लक पुढं ओढली गेली तर चौथ्या दिवशी निकाल लावायचा: दहा मिनिटांत होईल एवढा तुकडा तोडा, दुसऱ्याकडे सोपवा, नाहीतर बुडीत खाती टाका. जुनी पानं रोज चाळू नका, रविवारी एकदा पंधरा मिनिटं. तीच वेळ, तोच माणूस परत परत दिसतोय का, एवढंच बघायचं.

रात्री तरीही जाग आली तर वीसेक मिनिटं झाली असं वाटताच उठून दुसऱ्या खोलीत बसा. घड्याळ बघायचं नाही. पेंग आली की परत.

दोन आठवडे हे करून झोप, भूक सुधारली नाही, किंवा मधेच कधीही जगणंच नको वाटायला लागलं, तर वहीवर विसंबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. नाहीतर सरळ डॉक्टर.

मोबाईल नको. नोंद करायला उघडला की आधी व्हॉट्सॲपवरचे दर दिसणार. शंभर पानी वही घ्या, पण किर्दीसारखी, म्हणजे दुकानाच्या हिशेबवहीसारखी, दिसणारी नको आणि गल्ल्याजवळ तर अजिबात नको. मालक उघडतील ही भीती असली की माणूस वहीतसुद्धा खोटं लिहितो.