एमबीए-बीबीए करून धंद्यातच का पडलात? खरं कारण लिहा

परवा भाच्याने विचारलं, "मामा, बीबीए केलंस, मग नोकरी का नाही धरलीस?" मी ठोकून दिलं, 'स्वतःचं काहीतरी करायचं होतं.' खरं म्हणजे २००९ची मंदी. कॅम्पसला कंपन्याच फिरकल्या नाहीत. काकांच्या खोक्यांच्या कारखान्यात तात्पुरता बसलो, तो अजून तिथेच आहे. तुमचंही येऊ द्या. सत्कारातलं भाषण नको.

*मागवाला, इचलकरंजी*
आमचं उलटं. घरात सोळा माग, धंद्याचा वीट आलेला. ते सुटावेत म्हणूनच पुण्याला एमबीएला गेलो. तिथे खेळतं भांडवल शिकवत होते तेव्हा वहीच्या मागच्या पानावर घरचा हिशेब मांडला. सुताचे पैसे आठ दिवसांत द्यायचे, कापडाचे येणार नव्वद दिवसांनी. बाबा वीस वर्षं 'बरकत नाही' म्हणत होते. बरकत होती की, व्यापाऱ्याच्या गादीवर अडकून पडली होती! शिकून थेट घरी आलो. छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा २००६चा, पण विचारतो कोण? वेळेत न दिलेलं बिल त्या वर्षी आयकरात खर्चात धरता येणार नाही असा नियम आला, तेव्हा २०२४च्या मार्चअखेर दोघा व्यापाऱ्यांनी गुपचूप चेक धाडले. तिसऱ्याने माल घेणंच बंद केलं.

*भाजणी*
मला चार मार्कांनी धंद्याला लावलं. प्रोजेक्टमध्ये आईच्या थालीपीठ भाजणीचा प्लॅन लिहिला होता. सरांनी दहापैकी चार दिले. चिडून वीस पाकिटं घेऊन सोसायटीच्या गेटवर उभी राहिले. तासाभरात संपली. घरी येऊन प्लॅन बघते तर मजुरीच्या रकान्यात शून्य. आईची मजुरी धरली आणि नफ्याचा तोटा झाला. सर बरोबर होते, मेलं!

*पहिली तारीख*
मी बिझनेस प्लॅनच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं म्हणून धंद्यात पडलो. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या, गिऱ्हाइकांनी नाही. भागीदार जिवलग मित्र, म्हणून लेखी करार केला नाही. दीड वर्षात दुकान बंद, मैत्रीही. सध्या नोकरी. पगाराचा मेसेज आला की अजून दोनदा वाचतो.

*धागाकर्ता*
भाजणीताई, मग आईची मजुरी किती धरता आता?

*भाजणी*
तिनेच ठरवली. माझ्यापेक्षा जास्त आहे.